दोन हाकांचा नियम

तीन संध्याकाळींत कोलशेतचा कोळीवाडा उरकून दाखवतो, असं मधूने डोंबिवलीच्या घरी छातीठोक सांगून टाकलं होतं. नोकरी तात्पुरती, हे काम तडीला गेलं तरच पक्की व्हायची. पण त्याच्या आईने त्याआधीच आळीभर साखर वाटली होती. काम तरी काय? त्या वर्षी म्हणे देशोदेशी घरोघर एकच प्रश्न विचारला जात होता: तुम्हांला सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते? कुठले लोक लढाई म्हणाले, कुठले महागाई. आता कोलशेत काय म्हणतं, एवढंच जगाला कळायचं राहिलं होतं.

साहेब हरिहरराव नियमाचे पक्के. पहिल्या निवडणुकीची मतदारयादी घ्यायची, नावाने दोन हाका मारायच्या. ओ आली नाही, तर 'उत्तर नाही' लिहून पुढचं दार.

कोळी मंडळी दिवसभर खाडीत, म्हणून मधू सोमवारी दिवेलागणीला गेला. "दामाजी गोमाजी!" आत दिवा होता, धूर होता, तव्यावर मासळी चुरचुरत होती. हाकेसरशी चुरचुरही थांबली, जणू तव्यानेच श्वास धरला. दुसऱ्या हाकेलाही काही नाही. वीस घरं, वीस दिवे, आणि माणसाचा आवाज नाही. कुत्रंसुद्धा भुंकेना, शेपूट पोटात घालून नुसतं बघत राहिलं. मंगळवारी तर तो वाडीत शिरताच दिवे एकेक करून मालवत गेले. ही यादी मतदारांची की मयतांची, असं मधूच्या मनात येऊन गेलं.

चाळीस वेळा 'उत्तर नाही' वाचून हरिहररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू तिथे जातोस तरी का रे?"

बुधवारी शेवटच्या दारात मधूला रडूच यायचं बाकी होतं. नियम विसरून तो तिसऱ्यांदा ओरडला, "मनुबाई, अहो, आहे का कुणी?"

दार उघडलं. कोयता धरलेल्या म्हातारीने आधी त्याची पावलं पाहिली. सरळ होती.

"तिसरी हाक मारलीस म्हनून उघडलं," ती म्हणाली. "ते दोनदाच मारतं."

घटकाभरात सगळी वाडी तिच्या ओटीवर जमली. मधूने प्रश्न विचारला आणि वीसच्या वीस घरांनी एकच काळजी सांगितली. तिन्हीसांजेला काहीतरी येतं, नावानिशी दोन हाका मारतं नि जातं. गेल्या साली बुडालेल्या गुणाजीचंसुद्धा नाव घेतं. ओ दिली की माणूस संपला.

कधीपासून, असं कागदावर होतं म्हणून मधूने विचारलं.

"सोमवारधरनं."

मधूने मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. खरं सांगायचा धीर काही झाला नाही. वर मनुबाईने, पोराला वाटेत ते भेटू नये म्हणून, आपल्या लेकाला, काळुरामला, कंदील देऊन सोबत धाडलं.

दोघे बांधावर आले तोच मागून, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीकडून, वाऱ्यावर हाक आली. "मधुकर वासुदेव!"

वाडीत हे पुरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. काळुरामने त्याचं मनगट घट्ट धरलं. पुन्हा तीच हाक, जरा लांबवलेली. दोघांनी कान टवकारले. तिसरी हाक आलीच नाही. मग मात्र ते असे पळाले, की कंदील कुठे पडला ते काळुरामला सकाळी शोधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हजेरीपटावर हरिहररावांच्या सुबक अक्षरात शेरा होता: 'जागेवर जाऊन दोन हाका मारल्या. उत्तर नाही. गैरहजर.'

मधूने वीस कागद पुढे ठेवले. हरिहररावांनी ते दोनदा वाचले. असं एकमत जगाच्या पाठीवर कुठे झालेलं नाही, म्हणाले. मग चष्मा काढला. "पण हा हाका मारणारा आहे कोण?"

"सोमवारपासून मी होतो, साहेब," मधू म्हणाला. "काल तुम्ही."

हरिहररावांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी टाक उचलला आणि नियमातल्या 'दोन'वर काट मारून 'तीन' लिहिलं. गैरहजेरी मात्र तशीच ठेवली. ती, म्हणाले, जुन्या नियमाने पडली होती.