टाळीची राखणदार

कल्पना करा मुलांनो, तुमच्या नाकासमोर डास गुणगुणतोय, तुमचे हात मोकळे आहेत, आणि तरीही त्याला मारायचं नाही! मनीवर नेमकी हीच वेळ आली.

मनीची आई चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचा. आई आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून एक संथ, नाजूक रचना वाजवत. शेवट जवळ आला की चौघी एकदम थांबत, आणि मग एकट्या चेलोचे हळुवार सूर येत. पण गेल्या कार्यक्रमात त्या थांब्यात बाबांना वाटलं, संपलं! बाबा सुतार, त्यांची टाळी म्हणजे फळी आपटल्यासारखी. ती ऐकून सगळ्यांनीच टाळ्या पिटल्या. आईचे सूर राहूनच गेले.

"अहो, या वेळी हातांवर बसा," आई म्हणाली.

"त्यापेक्षा मनी टाळी वाजवेल तेव्हाच मी वाजवीन," बाबा म्हणाले.

"मी? मला तर झोप येते ते ऐकून!"

पण जबाबदारी पडली ती पडलीच. मनी रोज त्या चौघींच्या सरावाला बसू लागली. आधी नुसत्या जांभया. मग हळूहळू कळलं, एका मैत्रिणीचं व्हायोलिन काहीतरी विचारतंय आणि दुसरीचं चक्क टाळाटाळ करतंय! पुढे बूट घालतानाही ती तेच गुणगुणू लागली. आणि तो थांबा? तो रिकामा नव्हताच. दार हळूच उघडावं आणि कोण आलं म्हणून आपण श्वास रोखावा, तसा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांनी आपली युक्ती शेजारच्यांना सांगितली, त्यांनी मागच्यांना. झालं! अख्खं सभागृह मनीच्या हातांकडे बघत बसलं.

थांबा आला. डासही आला.

"मार ना त्याला!" बाबा हात उचलत कुजबुजले.

"हात खाली, बाबा! आईचं राहिलंय!"

डास गालावर बसला. कडकडून चावला. मनीनं डोळे घट्ट मिटले, आणि चेलोचे सूर आले. अगदी हळू, जणू तिच्याचसाठी. शेवटचा सूर विरला. आईनं चेलो वाजवायचा गज खाली घेतला.

"आता?" बाबांचे हात शिवशिवत होते.

"अजून ऐकू येतंय."

मग मनीनं डोळे उघडले. पोट भरलेला डास समोर खुशाल तरंगत होता. तिनं दोन्ही हात उचलले, नेम धरला आणि... फट्ट!

सभागृह दणाणून गेलं. डास निसटला. पण मनी काही टाळ्या वाजवायची थांबली नाही.