एका तासाच्या झोपेचा ठराव

पाली येथील राधाकिशन यांच्या घरी त्या वैशाखात एकोणीस मोठी माणसे मुक्कामास होती आणि त्यांपैकी अठरा जणांची दुपारची झोप समाधानकारकरीत्या पार पडत होती. पाव्हण्यांचा दोष नव्हता. आष्टीकडे टँकर चौथ्या दिवशी यायचा, पालीत एका दिवसाआड; माणसे पाण्याच्या बाजूने सरकली, इतकेच. एकोणिसावी म्हणजे सूनबाई वैजयंता. अंबाजोगाईहून बी.एस्सी. झालेली, कडेवर आठ महिन्यांचे बाळ, आणि त्याच्या प्रत्येक श्वासावर तिचा कान.

मंगळवारी बाळाला न्हाऊ घालताना तिला बसल्या बसल्या डुलकी लागली. बाळ हातातून घसरले आणि घमेल्यात उताणे झाले. घमेल्यात पाणी चार बोटे होते म्हणून निभावले. दुष्काळाचा एवढा एकच फायदा त्या वर्षी त्या घराला झाला.

हादरलेली वैजयंता थेट सासऱ्यांपुढे उभी राहिली. "मामा, मला रोज दुपारी दोन ते तीन झोप पाहिजे. तेवढा वेळ बाळाला कुणीतरी घ्या. नाहीतर माझ्या हातून भलतंच काहीतरी होईल."

राधाकिशन गावच्या सोसायटीचे दोन मुदती चेअरमन. ठरावाशिवाय त्यांनी कधी खुर्चीसुद्धा हलवली नव्हती.

"मागणी रास्त हाय," ते म्हणाले. "पर तोंडी चालायचं न्हाई. अर्ज दे."

तिने अर्ज दिला. सभा बोलावण्यात आली ती बुधवारी दुपारी दोन ते तीन, कारण त्या वेळात सगळे सदस्य घरात हमखास सापडत. झोपलेल्यांना उठवून कोरम भरला. उठलेल्यांना चहा लागला. चहा अर्जदाराने केला.

"आमच्या येळंला नव्हती असली थेरं," मावससासू बायनाबाई गालावर उशीची खूण घेऊन म्हणाल्या. "पाच लेकरं वाढवली, पर दुपारचा डोळा लावला न्हाई."

"मग आत्ता कुठून उठून आलात, मावशी?" वैजयंताने कप पुढे करत विचारले.

"पडले व्हते नुसती. साखर कमी हाय गं."

पुण्याहून आलेला नवऱ्याचा मित्र सुग्रीव म्हणाला, "वहिनी, तास मोजू नका. झोपेची गुणवत्ता बघा." त्याच्या मनगटावरचे घड्याळ गाढ झोप मोजायचे, काल दुपारची सव्वादोन तास भरली होती. नवरा बिभीषण तटस्थ राहिला. लग्नापासून त्याच्याकडे तेच पद होते.

ठराव मंजूर झाला. सूचक बायनाबाई, अनुमोदक सुग्रीव, अंमलबजावणी गुरुवारपासून. नव्या योजनेला उद्घाटन हवे, म्हणून सोसायटीचे अख्खे संचालक मंडळ आले. शिरा लाभार्थीनेच केला. पावणेतीनला भाषणे संपली, मधल्या खोलीच्या दारात नारळ फुटला आणि वैजयंता टाळ्यांच्या गजरात आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच कडी वाजली. पाहणी समिती आली होती.

"झोप लागली का, सूनबाई?" राधाकिशन यांनी विचारले.

"लागत होती, मामा."

"मग हितं सही कर. लाभ मिळाल्याबद्दल."

समितीच्या हातात बाळ रडून रडून लाल झाले होते. तिने सही केली आणि बाळ घेतले.

शुक्रवारी टँकरची पाळी होती. वैजयंता बाळाला घेऊन हंड्यांच्या रांगेत गेली, तर अख्खी रांग झोपलेली. कुणी ड्रमला टेकून, कुणी शेजारणीच्या खांद्यावर. एकटी भिमाबाई जागी, मांडीवर दोन लेकरे.

"आण ते हिकडं," भिमाबाई हळूच म्हणाली. "आज जागायची पाळी माझी हाय. टँकर आला की उठवते."

"हे कुणी ठरवलं, काकू?"

"ठरवायचं काय त्यात? झोप तू."

टँकर दीड तास उशिरा आला. वैजयंताला तो जरा घाईच करतोय असे वाटले.

घरी परतली तेव्हा तिचा चेहरा टवटवीत होता. बायनाबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. शनिवारी दोन वाजता तातडीची सभा भरली आणि राधाकिशन यांनी ठराव वाचून दाखवला:

"अर्जदार सुनेच्या विश्रांतीची सोय परस्पर बाहेर झाल्याचे निदर्शनास आल्याने घरातील मंजूर तास रद्द करण्यात येत असून, मधली खोली पाव्हण्यांसाठी पूर्ववत खुली करण्यात येत आहे. तसेच टँकरच्या दिरंगाईबाबत तालुक्याला तक्रार करण्यात यावी."

गावच्या तक्रारीची दखल घेतली जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या खेपेपासून टँकर मिनिटावर येऊ लागला. रांगेत बसायलासुद्धा वेळ उरला नाही. वैजयंता आता बाळाला न्हाऊ घालताना मूलद्रव्यांची नावे ओळीने, मोठ्याने म्हणते, डोळा लागू नये म्हणून. सून शिकलेली असल्याचे पाव्हण्यांना कौतुक वाटते.

ठराव एकमताने मंजूर झाला, हे सांगायला नकोच. गैरहजर सदस्यांची संमती गृहीत धरण्याचा प्रघात आहे, त्यामुळे जेवण आटोपून, पंख्याखाली आडवे होऊन हे वाचणाऱ्या आपलेही नाव त्यात आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी, दुपारी दोन ते तीन. चहा आतून येतोच आहे.