ओरडणारे मशीनवाले काका

"एका पानावर 'शिवणयंत्र' एकेचाळीस वेळा? बाबा, जप करताय का?" सुनेने मोबाइल सासऱ्यांपुढे धरला.

"मुद्दाम लिहिलंय. जितक्या वेळा लिहू तितकं दुकान वर येतं म्हणे इंटरनेटवर."

"मग आलं का?"

आलं नव्हतं, आणि त्याचीच तर चीड होती. रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांचं शिवणयंत्र दुरुस्तीचं जुनं दुकान पाडलं आणि एकतीस वर्षांचं बस्तान मागच्या गल्लीत हलवावं लागलं. तेव्हापासून तीन आठवड्यांत दोनच माणसं पायरी चढली होती, आणि त्या दोघांनाही शेजारची लाँड्री हवी होती. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर हत्यारं ट्रंकेत भरून घरी बसेन, असं ते सांगून बसले होते. घरी बसणं तर त्यांना मुळीच नको होतं.

सून वेबसाइट बनवायच्याच नोकरीत होती. "बाबा, शोधणारी शेवटी माणसंच असतात. त्यांच्या तोंडी काय आहे ते आधी विचारू," असं म्हणून तिने त्यांची गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही उचलली आणि दोन दिवस फोन केले. प्रश्न एकच, हे दुकान शोधायचं तर काय टाइप कराल?

"किती जण 'अचूक शिवणयंत्र सेवा केंद्र' म्हणाले?" सासऱ्यांनी ऐटीत विचारलं.

"एकही नाही. दुकानाला नाव आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. सत्तावीसपैकी एकोणीस जण म्हणाले, 'ओरडणारे मशीनवाले काका'."

सासऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी ओरडतो? कोण म्हणतो मी ओरडतो?"

आवाज ऐकून लाँड्रीवाला इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला.

एकतीस वर्षं लोकांची मशीन खोलायची, पुसायची, नव्यासारखी करून द्यायची, आणि या कृतघ्नांच्या लक्षात काय राहिलं, तर आवाज! बरं, ओरडायला कारण नको का? मशीन म्हणजे काय कढई आहे, घातलं त्यात स्वयंपाकाचं तेल!

सुनेने एकेचाळीसच्या एकेचाळीस शिवणयंत्रं पुसली आणि पानाच्या डोक्यावर लिहिलं, "हो, ओरडणारे मशीनवाले काका आता इथे असतात. मागची गल्ली, लाँड्रीच्या शेजारी." खाली लोकांनी फोनवर विचारलेले प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं दिली. दोरा का तुटतो, तेल कोणतं घालायचं, काका का ओरडतात. चौथ्या दिवशी दुकान सगळ्यात वर.

"काढ ते आधी!"

"गिऱ्हाईक येऊ दे, मग काढते."

सासऱ्यांनी मनाशी ठरवलं की इंटरनेटला खोटं पाडायचं. आवाज म्हणून चढवायचा नाही.

पहिला आला तो वीस वर्षांपासून येणारा टेलर. त्याच्या मशीनमधून चिमणीचं घरटं होईल एवढा कचरा निघाला. सासऱ्यांनी तो कागदात गोळा केला. "असू दे हो. होतं असं कधीकधी. बसा ना."

टेलर उभाच राहिला. "काका, बरं नाही का?"

"उत्तम आहे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

संध्याकाळी वेबसाइटवर त्याचा रिव्ह्यू आला. "काका फार खचलेत. एवढा कचरा निघाला तरी मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. कृपा करून सध्या कुणी मशीन नेऊन त्यांना त्रास देऊ नये." लोक एरवी कुणाचं ऐकत नाहीत, पण हे सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी एकही मशीन आलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन बायका आल्या, त्या भेटायला, सफरचंदं घेऊन.

"मी ठणठणीत आहे," सासरे म्हणाले. पण इतक्या हळू म्हणाले की त्या डोळे पुसतच गेल्या.

"बाबा, आता ओरडा हो," सून काकुळतीला आली.

"सांगितलं की वाजायला मी काय भोंगा आहे?"

महिना संपायला दोन दिवस उरले असताना एक मुलगी तिच्या वहिनीबरोबर आईचं जुनं मशीन घेऊन आली. रिव्ह्यूबिव्ह्यू काही वाचलेला नव्हता. सासऱ्यांनी झाकण उघडलं. सुई उलटी बसवलेली. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मग आतला वास नाकात गेला.

"ताई, हे तेल..."

"घरातलंच घातलं थोडं," वहिनी म्हणाली. "तेल ते तेलच ना?"

"तेल ते तेलच? मग उद्या भाजीत मशीनचं तेल घाला! फोडणी दिलीत मशीनला, फोडणी! त्या माउलीने चाळीस वर्षं जपलं आणि तुम्ही चार दिवसांत त्याचा तवा केलात!"

हे अकरा मिनिटं चाललं. लाँड्रीवाल्याने समाधानाने मान डोलावली. वहिनीने मात्र फोन उंच धरला होता. "हॅलो, सापडलं गं दुकान! हो, तेच काका. थांब, ऐक."

काका पुन्हा ओरडायला लागल्याची बातमी पसरली आणि महिनाअखेरीला दुकानात नऊ मशीन होती आणि जागा नाही म्हणून चार लाँड्रीत.

"बाबा, गिऱ्हाईक आलं. आता काढू ती ओळ?" सुनेने विचारलं.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "नवीन काय आलंय ते वाच आधी."

"त्या मुलीचा रिव्ह्यू आहे. चारच स्टार. 'काम चोख. पण सुई मी उलटी बसवली होती, तरी काका सगळं वहिनीलाच बोलले. माझ्याकडे नुसतं पाहिलं.'"

सासऱ्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाला असा बट्टा कुणी लावला नव्हता.

"वही आण इकडे," ते म्हणाले, "आणि लाव फोन तिला."