आबा घाडींची गोळी

आबा घाडी औषधाची गोळीसुद्धा गाऱ्हाणं घातल्याशिवाय गिळत नाहीत. गावच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. पेरणी असो, लग्न असो, कोणाची नवी मोटरसायकल असो, आबा हात जोडून देवाला सगळी हकीकत सांगतात आणि जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा मान देवळात ठेवून घरी यायचं आबांना कधी जमलं नाही. नवीन गॅस सिलिंडर आला तरी तो जोडण्याआधी ते त्याची देवाशी ओळख करून देतात.

आमची घरं शेजारी, मध्ये चिऱ्याची बुटकी भिंत, आमच्याकडे तिला गडगा म्हणतात. या गडग्यावरून आबा आणि माझी आई रोज संध्याकाळी भांडत. विषय कुठलाही चाले. कोंबड्या, पाणी, आणि काहीच नसलं तर आबांच्या फणसाचा आमच्या अंगणात पडणारा पाला. गेल्या शिमग्यात आई गेली. तेव्हापासून गडगा गप्प होता, आणि मीही.

आबांच्या डोळ्यांचं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. पापण्यांच्या कडा लाल, सुजलेल्या, सकाळी चिकटलेल्या. दिवसभर वाळू गेल्यासारखी खुपखुप. आबा सकाळीच थोडी लावून आलेत, असा गावाचा समज झाला. आबांनी तो खोडला नाही, कारण आजारापेक्षा त्यात इभ्रत जास्त होती. खरी भीती वेगळीच होती. मुंबईच्या मुलाने फोनवर बजावलं होतं, की डोळे सुधारले नाहीत तर दिवाळीला येऊन तो त्यांना कायमचं मुंबईला घेऊन जाईल.

“तेरावो माळो,” आबा मला म्हणाले. “थयसर गाऱ्हाणा कोणाक घालू, लिफ्टीक?”

मी त्यांना कणकवलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी गरम फडक्याचा शेक आणि थेंब देऊन पाहिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा पोटात घ्यायची अँटिबायोटिक गोळी लिहून दिली. रोज एक, काही आठवडे. आबा तिथेच तडकले. “दुखणा डोळ्याक आणि गोळी पोटाक? गोयाची गाडी धरून कोल्हापुराक जातत काय?”

बाईंनी शांतपणे समजावलं, की पापणीच्या कडेला बारीक तेलग्रंथी असतात. त्यांतलं तेल थंडीतल्या खोबरेलासारखं घट्ट झालंय. गोळी रक्तातून तिथवर पोचते, सूज उतरवते, तेल पातळ व्हायला मदत करते. आबांचा चेहरा खुलला. परतताना तळेऱ्याच्या टपरीवर त्यांनी अनोळखी माणसांना चहा थांबवून सांगितलं, की आपल्या डोळ्यांत तेलाचा घाणा आहे आणि तो सध्या बंद आहे.

पथ्यं त्यांनी जिवापाड पाळली. गोळी दुधाबरोबर नको म्हटल्यावर ते दूधवाल्याकडे बघेनासे झाले; औषध डोळ्यांचं, तर पथ्यही डोळ्यांचंच. ऊन टाळा म्हटल्यावर पडवीतही छत्री उघडून बसू लागले. आणि गोळीनंतर पेलाभर पाणी पिऊन थोडा वेळ आडवं व्हायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी गोळी खिशात घालून आमच्याकडे येऊ लागले. घरी एकच आरामखुर्ची, तिच्यात माणूस आपोआप आडवा होतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणीतरी हवं.

आमच्या पडवीतल्या आईच्या बाकावर ते फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ताठ बसत. गोळी तळहातावर धरून रवळनाथाला तिचा रंग सांगत, दुकानदाराने पाकीट कसं वेडंवाकडं कापलं तेही सांगत. मी पुस्तकात बोट घालून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असे. कित्येक दिवस माझ्या तोंडून तेवढेच शब्द निघत. मग उरलेला वेळ ते मला डिवचत: भात करपवलास, दाढी वाढवलीस, आई असती तर तिने तुला घरात घेतलं नसतं.

दिवाळीला मुलगा आला. आबांचे डोळे धुतल्या काचेसारखे. त्याने पापण्या उलटसुलट तपासल्या आणि तो एकटाच परत गेला.

नंतर एकदा तळेऱ्याला गेलो, तेव्हा आबांच्या गोळ्या घ्याव्यात म्हणून औषधाच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, “त्या तर डॉक्टरांनी दिवाळीआधीच बंद केल्या. आता नुसता शेक.”

त्या संध्याकाळी आबा नेहमीसारखे आले. मी पुस्तक मिटून नीट पाहिलं. तळहातावर भाजलेला शेंगदाणा होता.

“बा देवा रवळनाथा,” त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, “हयसर एक म्हातारी होती. भांडूक लय बरी. ती गेली, आणि ह्यो तिचो पोरगो आता कोणाशीच बोलणा नाय. तेका वायच बोलतो कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

त्यांनी शेंगदाणा न चावता पेलाभर पाण्याबरोबर गिळला आणि पथ्याप्रमाणे ताठ बसले. मी गडग्याकडे बघितलं.

“आबांनू, तुमच्या फणसाचो पालो परत आमच्या अंगणात इलो.”

आबांनी पेला खाली ठेवला. मग बाकावर आणखी ताठ झाले.

“येतलोच,” ते म्हणाले. “झाड काय तुका इचारून पान टाकता?”