मेलेल्या वीरांचा नियम

खेळाच्या नव्या आवृत्तीत मेलेल्या वीरांचा नियमच नाही, हे कळल्यावर चष्मेवाल्याने ते कोरं करकरीत पुस्तक मिटलं आणि औषधवाल्याकडे सरकवलं. "माझ्या टेबलावर जुनंच चालेल," तो म्हणाला.

बावीस वर्षं दर शनिवारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ चाले. प्रत्येकाने एक वीर घ्यायचा, फासे टाकत त्याला गुहांमधून न्यायचं. गोष्ट सांगणाऱ्याने नियमांच्या जाडजूड पुस्तकात बघून कोण जगलं, कोण मेलं ते ठरवायचं. गोष्ट चष्मेवाल्याची बायको सांगायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि ते काम औषधवाल्याकडे आलं. चष्मेवाल्याचा वीर मरण्यात पटाईत. पण मेलेल्याने भूत होऊन टेबलाशीच बसावं आणि अडल्या वेळी जिवंतांना वाट दाखवावी, असा नियम होता. त्यामुळे त्याला कधी उठावं लागलं नाही.

औषधवाल्याने परोपरीने समजावलं, की नव्या पुस्तकातली लढाई सुटसुटीत आहे. खेळातल्या तिसऱ्या, शाळेतल्या बाई म्हणाल्या, अक्षरही मोठं आहे, चष्मा लागत नाही. हे ऐकून तर चष्मेवाल्याचा पाराच चढला. शब्दाने शब्द वाढत गेला. ज्याला नवं हवं त्याने आपल्या घरी खेळावं, असं तो बोलून गेला, आणि त्या दोघांनी ते खरं मानलं.

पहिला शनिवार त्याने रागात काढला. दुसऱ्या शनिवारी तिन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसून एकटाच खेळला. त्याचा वीर नेहमीसारखा मेला, भूत झाला आणि बाईंच्या वीराला वाट सांगू लागला. पण बाईंच्या खुर्चीवरही तोच बसलेला, त्यामुळे ती वाट त्याला आधीच ठाऊक होती. तिसऱ्या शनिवारी त्याने प्रकाशकांना चार पानी खरमरीत पत्र लिहिलं. आता फक्त त्या नियमाचा पान क्रमांक घालायचा राहिला होता.

तो सापडेना. त्याने चष्मा बदलला. आपल्या चष्म्यांच्या दुकानातून भिंग आणलं. जुनं पुस्तक आयुष्यात पहिल्यांदाच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटी नाक मुठीत धरून औषधवाल्याला फोन लावला.

"मेलेल्यांचा नियम कुठल्या पानावर आहे रे?"



"कुठल्याच नाही. तो वहिनींनी केला होता."

"काहीतरी बोलू नकोस."

"अरे, मेलास की तू आत जाऊन भांडी आपटत बसायचास. त्या म्हणाल्या, ह्याला टेबलाशी बसवायला काहीतरी करायला हवं."

"बाईंना माहीत होतं?"

"तू सोडून सगळ्यांना."

चष्मेवाल्याने पत्राची चार पानं उलटी करून ठेवली. नव्या पुस्तकात मेलेल्याने काय करायचं असतं, असं त्याने विचारलं.

"काही नाही. घरी जायचं."

"मी घरीच असतो," चष्मेवाला म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "या शनिवारी. येताना नवं आणा."

शनिवारी त्याचा वीर पंधराव्या मिनिटाला मेला. नियम तो नियम, म्हणून तो निमूटपणे उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. एकही भांडं वाजवलं नाही. बाहेर फासे पडले, पानं उलटली, कोणीतरी खोकलं.

मग बाईंचा आवाज आला. "अहो भूत, या की बाहेर. आम्ही केव्हाचे वाट चुकलोय."