सासूबाईंच्या खुर्चीचा कायापालट

मांजर पाळणं अवघड असतं असं जे म्हणतात, त्यांना खुर्चीचं काम येत नसतं. हे माझं ठाम मत होतं. गेली सव्वीस वर्षं मी सोफे, खुर्च्या आणि दिवाण यांना नवं कापड चढवतो. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरांनी जगात जे काही ओरबाडलंय, त्यातलं निम्मं तरी माझ्या दुकानात येऊन गेलं असेल. त्यामुळे सासूबाई त्यांच्या मांजरासकट आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "मांजराचं सगळं माझ्यावर सोड."

"तीच एक काळजी आहे," ती म्हणाली.

आता थोडं मागचं सांगतो. सासरे त्याच्या आदल्या वर्षी गेले. त्यानंतर सासूबाई एकट्याच राहत होत्या आणि बायको रोज तीनदा फोन करून "जेवलीस का, गॅस बंद केलास का" विचारत होती. आमच्याकडे या म्हटलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "ठमीला दुसऱ्या घरात करमायचं नाही." ठमी म्हणजे त्यांची मांजर. शेवटी खूप विनवण्या केल्यावर त्या म्हणाल्या, "एक महिना येते. ठमी रमली तर राहू, नाही रमली तर आम्ही दोघी आपल्या घरी. मग मात्र कुणी आग्रह करायचा नाही."

म्हणजे सगळं त्या मांजराच्या हातात होतं! आणि खरं सांगायचं तर सासूबाई राहाव्यात असं बायकोइतकंच मलाही वाटत होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. मी दुकानातून घरी आल्यावर दिवसभरात कोणती खुर्ची कशी होती हे सांगायला लागलो, की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. सासूबाई मात्र हातातलं काम थांबवून ऐकतात आणि "मग स्प्रिंगा बदलल्या का?" असं विचारतात. असं माणूस घरात हवंच.

त्या आल्या त्या एक बॅग, एक टोपली आणि एक खुर्ची घेऊन. टोपलीत ठमी होती. खुर्ची हातांची, बसकी, निदान तीस वर्षांची. तिच्या दोन्ही बाजूंचं कापड ठमीने आठ वर्षं इतकं ओरबाडलं होतं की धागे लोंबून खुर्चीला दाढी आल्यासारखी दिसत होती. माझे हात शिवशिवले, पण मी गप्प बसलो. पाहुण्यांच्या खुर्चीला पहिल्याच दिवशी हात घालू नये एवढं मला कळतं.

पहिले तीन दिवस ठमी पलंगाखाली होती. चौथ्या दिवशी ती बाहेर आली आणि पायपुसण्यावर बसून तिने जे करायचं ते केलं. तिचा वाळूचा ट्रे मी कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवला होता. ती ट्रेमध्ये बसली की मशीन नेमकं पिळायला लागायचं, आणि बिचारी अर्धवट सोडून पळायची. आपलं आपण समजून घ्या, तुम्हीही पळाला असता.

मी ट्रे बाल्कनीच्या दाराशी हलवला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कारागीर कसला? ट्रेची प्लास्टिकची कड तिच्या पोटाला टोचत असेल असं वाटून मी त्या कडेवर सगळीकडून फोम लावला आणि वर मऊ निळं कापड चढवलं. शिवण अशी की बघत राहावं. ठमीला ट्रे फारच आवडला. ती रोज दुपारी त्यात झोपायला लागली आणि बाकीच्या कामासाठी पायपुसण्यावर जायला लागली.

"छान झालाय हो," सासूबाई म्हणाल्या. "पण तिला आता तो पलंग वाटतोय."

बायको बाजारातून साधा ट्रे आणि नवीन पायपुसणं घेऊन आली.

मग मी नखं घासायला एक खांब बनवला. त्याला काथ्याची दोरी गुंडाळली, पण बूड जरा लहान झालं. ठमीने पुढचे दोन्ही पाय लावून ताणून बघितलं, तेवढ्यात खांब तिच्यावर आडवा झाला. त्यानंतर ती त्या खांबाकडे, आणि बनवणारा म्हणून माझ्याकडे, एकाच नजरेने बघायची. नखं घासायला ती परत खुर्चीकडे वळली. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, रोज सकाळी चरचर चरचर! आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक ती खुर्ची बघून काय म्हणेल? गवंड्याचं घर नेहमी पडकं असतं म्हणतात, पण म्हणून काय त्यात राहायचं?

तिसऱ्या आठवड्यात मायलेकी दोन दिवसांसाठी मावशीकडे गेल्या, आणि मी ठरवलं की आता सासूबाईंना चकित करायचं. खुर्ची खांद्यावर टाकली आणि दुकानात आणली. मग काय विचारता! जुनं कापड, आतला काथ्या, दबलेल्या पट्ट्या, सगळं काढलं. नवा फोम घातला. हातांना गोलाई दिली. पायांचा काळा रंग खरवडून फिकट पॉलिश केलं. वर गडद हिरवी मखमल चढवली, एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमधून उरलेली आणि मी जपून ठेवलेली. दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. सव्वीस वर्षांत याहून चांगली खुर्ची मी केलेली नाही.

सासूबाई घरात आल्या, खुर्चीसमोर थांबल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"कशी आहे?" मी विचारलं.

"फारच सुंदर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण इतकं कशाला केलंत?"

"तुमच्यासाठीच केलं. त्या जुन्या अवताराला विसरा आता."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

मला वाटलं, भारावल्या असतील. मोठ्या माणसांना कौतुक पचवायला वेळ लागतो. पण दुसऱ्या दिवशीही त्या स्टुलावरच बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. "आई, खुर्चीत बसा ना," म्हटलं की "इथं बरं वाटतं, भाजी निवडायची आहे" म्हणायच्या. भाजी केव्हाच निवडून झालेली असायची.

ठमीने मात्र आपलं मत स्पष्ट दिलं. तिने खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चारी पाय हुंगले, वर चढली आणि माझ्या मखमलीवर मुतली. मी फोम बदलला, मखमल धुतली, परत चढवली. ती परत मुतली. शेवटी मी खुर्चीला प्लास्टिक गुंडाळलं. दिवाणखान्याच्या मधोमध माझी सर्वांत चांगली खुर्ची प्लास्टिकमध्ये उभी, मांजर पलंगाखाली, सासू स्टुलावर! त्यातच ठमीने खाणं सोडलं. आणि महिना संपायला चार दिवस उरले होते.

आम्ही तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला तपासलं, पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "आजार काही दिसत नाही. घरात काही बदललंय का?"

मी मोठ्या उत्साहाने खुर्चीची सगळी हकीकत सांगितली. मखमलीचा दर्जाही सांगितला. सासूबाई बाहेर बाकावर रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या, ठमीला तपासताना त्यांना बघवत नाही.

"अहो, मांजर नखं घासतं तेव्हा ते आपला वास तिथं लावून ठेवत असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नव्या घरात तिच्या ओळखीची तेवढी एकच वस्तू होती. तुम्ही तिच्या घराचे कागदच फाडून टाकलेत. जुनं कापड आहे का कुठं? असेल तर आणून ठेवा तिच्याजवळ."

ते कापड मी दुकानाशेजारच्या गॅरेजवाल्याला हात पुसायला दिलं होतं.

मी तसाच गॅरेजमध्ये धावलो. गॅरेजवाला गाडीखाली होता. मी कापडाचं विचारल्यावर त्याने गाडीखालूनच पान्याने कोपरा दाखवला. कोपऱ्यात त्याचा कुत्रा काळ्या, त्या कापडावर चारी पाय पसरून घोरत होता.

"हात पुसायला काढलं होतं, पण त्याने ओढून नेलं," गॅरेजवाला म्हणाला. "इतकी वर्षं हा जमिनीवर झोपला. आता कुठं पाठीला सुख मिळालंय त्याच्या. मी नाही काढणार, तुम्ही बघा काढून."

मी कापडाच्या टोकाला हात लावला. काळ्याने एक डोळा उघडला. मी हात मागे घेतला.

शेवटी ठरलं, कापडाच्या बदल्यात काळ्याला नवी गादी. मी दुकानात बसून कुत्र्यासाठी गादी शिवली, चारी बाजूंनी गोट लावून. गॅरेजवाल्याने गादी दाबून बघितली आणि म्हणाला, "गादीवाले, बायकोला सांगू नका, पण आमच्या घरी अशी नाही." काळ्या उठून गादीवर गेला आणि मी कापड घेऊन पळालो.

या सगळ्यात दोन दिवस गेले. घरी पोचलो तर दारातच सासूबाईंची बॅग भरून ठेवलेली. बायकोचे डोळे लाल झालेले. ठमीची टोपली उघडून ठेवली होती आणि ठमी टोपलीशेजारी अंग चोरून बसली होती.

"आई निघतेय," बायको म्हणाली. "तिचं म्हणणं, ठमीचे हाल बघवत नाहीत."

"थांबा, आई," मी म्हणालो, आणि कापड ठमीसमोर पसरलं.

तिने एकदाच वास घेतला. त्या कापडात आता आठ वर्षांची ठमी आणि दहा-बारा दिवसांचा काळ्या होता, आणि काळ्या जास्त ताजा होता. ठमीची शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुगली. ती माझ्या खांद्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून दांड्यावर गेली, आणि तिथून फिस्कारत राहिली. पडद्याचं एक टोक खाली आलं. मी डोक्याला हात लावून मटकन खाली बसलो.

सासूबाई मात्र ठमीकडे बघतच नव्हत्या. त्यांनी खाली वाकून ते मळलेलं, ग्रीस लागलेलं कापड उचललं.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "माझी खुर्ची तर तुम्ही टाकून दिलीत ना?"

"टाकून दिली? मी?"

"मग? तिच्या जागी ही नवी आणलीत. चांगल्या मनानेच आणलीत, मला कळत नाही का? म्हणून तर बोलले नाही. जावयाने हौसेनं आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? पण ती खुर्ची यांची होती हो. शेवटचं वर्ष ते तिच्यातच बसून होते. मला वाटलं, खुर्चीलाच इथं जागा नाही, तर आपण तरी किती दिवस राहणार."

वर ठमी फिस्कारायची थांबली. मी आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान मिरवला, ती म्हणजे जुनी वस्तू ओळखू येऊ नये इतकी नवी करणं. आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्याची खुर्ची दहा-बारा दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आई," मी म्हणालो, "हीच ती खुर्ची आहे."

"काहीतरीच काय. त्या खुर्चीचे पाय काळे होते."

मी प्लास्टिक फाडलं आणि खुर्ची उलटी केली. खाली मागच्या पायाच्या सांध्यात एक जाडजूड, वाकडा, गंजलेला खिळा होता. तिथल्या लाकडावर हातोड्याचे दहा-बारा खड्डे पडले होते. सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी खिळ्यावर बोट ठेवलं.

"यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "पाय निखळला तेव्हा मी म्हणत होते, सुताराला बोलवा. यांनी ऐकलं नाही. अंगठा सुजला होता चार दिवस." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग बायकोही रडायला लागली आणि मी उगाचच पडद्याचं टोक वर लावायला गेलो.

मग सासूबाईंनी खुर्ची सरळ केली. अंगावरची शाल काढून मखमलीवर पसरली आणि टेकून बसल्या. "मऊ केलीत हो," त्या म्हणाल्या. "यांना आवडली असती."

थोड्या वेळाने ठमी दांड्यावरून उतरली. शालीचा वास घेतला, सासूबाईंच्या पायाला अंग घासलं आणि मग खुर्चीच्या बाजूला जाऊन, पुढचे दोन्ही पाय वर करून, माझ्या हिरव्या मखमलीवर चरचर नखं ओढली. एकेक ओढ माझ्या काळजावरून जात होती. पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी ती वाटीभर जेवली, आणि बायकोने बॅग रिकामी केली.

याला आता तीन वर्षं झाली. दोघीही आमच्याकडेच आहेत. हिरव्या मखमलीला छान दाढी आलीय. कुणीही घरी आलं की सासूबाई खुर्ची उलटी करायला लावतात आणि तो खिळा दाखवतात. "आमच्या जावयांनी सगळी खुर्ची नवी केली," त्या सांगतात, "पण यांचा खिळा मात्र तसाच ठेवला. इतका वाकडा खिळा त्यांच्यासारख्या कारागिराला सहन झाला असेल का? पण माणूस मनाचा हळवा."

मी मान खाली घालून उभा राहतो. लोकांना वाटतं, मी लाजतोय.

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या खिळ्याशी मी दीड तास झटत होतो. त्यात एक पक्कड मोडली, पण तो निघालाच नाही.