गल्लीकडे बघून भाडं

शनिवारी संध्याकाळी भिंगला खोली नाकारण्यात आली. तीही स्वतः शोधलेली, स्वतः झाडून पाहिलेली आणि मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून झालेली खोली! पण असं काही घडलंच नाही, असं त्याचं म्हणणं आहे. आपणही तूर्त तसंच धरून चालू आणि शुक्रवारपासून सुरुवात करू, कारण शुक्रवारी तो फार हुशार होता.

भिंग हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासतो आणि कुठलीही गोष्ट डोळ्यांपासून चार बोटांवर धरल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून दुकानाने त्याचं हे बारसं केलं. गेलं वर्षभर तो ताईच्या घरी बैठकीतल्या सोफ्यावर राहत होता. तात्पुरता! आता ताईचे दिवस भरत आले होते आणि सोमवारी तिच्या सासूबाई मुक्कामाला येणार होत्या.

"सोफा त्यांना लागेल," ताई म्हणाली.

"आणि मी?"

"तुला गॅलरी आहे की. वॉशिंग मशीनशेजारी."

"ते मशीन रात्री लावता तुम्ही!"

भावोजींनी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं. "कपडे पिळताना जरा उड्या मारतं. एरवी गरीब आहे."

तेव्हा सोमवारच्या आत खोली हवी होती. भिंगला खात्री होती की मिळेल, कारण त्याच्याकडे सिद्धांत होता. तो त्याने शुक्रवारी दुकानात फ्रेमवाल्याला ऐकवला. फ्रेमवाला म्हणजे काउंटरवर फ्रेमी बसवणारा त्याचा मित्र.

"गजबजलेल्या वस्तीत भाडं परवडत नाही. परवडतं तिथे चिटपाखरू नसतं. म्हणून आपण अशी वस्ती शोधायची, जी गजबजलेली आहे पण तिला स्वतःला ते अजून कळलेलं नाही!"

"मग तिला सांगणार कोण?"

"कोणीच नाही! सांगितलं की भाडं वाढलं!"

फ्रेमवाल्याने एका गिऱ्हाइकाच्या कानामागची दांडी जरा जास्तच वाकवली आणि विचारात पडला.

तोवर भिंगने दोन जागा पाहिल्या होत्या. बाजारातल्या खोलीत खाट मावत होती, पण दार उघडं ठेवलं तर! पाय जिन्यात. दुसरी शहराच्या टोकाला होती आणि तिथे इतकी शांतता होती, की तो शिंकला तेव्हा शेजारच्या इमारतीत दिवा लागला.

शुक्रवारी संध्याकाळी पाहिलेली तिसरी मात्र मनात भरली. बाजारापासून दोन वळणं आत, एका गल्लीत, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घराचा वरचा मजला. भिंगने भाडं विचारलं तेव्हा बाई उत्तर न देता खिडकीपाशी गेल्या, पडदा सारला आणि खाली पाहिलं. रस्त्याच्या मधोमध एक मांजर झोपलं होतं. इतकं गाढ, की त्या गल्लीत आजवर वाहन म्हणून काही आलं असेल यावर विश्वास बसू नये. बाई परत आल्या आणि त्यांनी भाडं सांगितलं. भिंगच्या पगाराचा जेमतेम तिसरा हिस्सा!

"एवढंच?"

"मी गल्लीकडे बघून भाडं सांगते," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी येत नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. समोरचे काका मला शेवटचे दिसले ते त्यांच्या मुलीच्या लग्नात. आता त्या मुलीचा मुलगा कॉलेजात जातो."

"बाई, खोली माझी समजा!"

"उद्या संध्याकाळी कागद करू. त्याआधी नळ, दिवे, खिडक्या तपासून घे. मागाहून आलेल्या तक्रारी मी वाचत नाही."

शनिवारी दुकानातून भिंग आणि फ्रेमवाला थेट तिथेच गेले. भिंगच्या अंगात दुकानाचा निळा डगला तसाच होता. खोलीला नाव ठेवायला जागा नव्हती. दोन खिडक्या, कपड्यांना दोरी, भिंतीत कपाट. फक्त नळाची धार सुईत ओवता येईल अशी होती.

"खाली फाटकाबाहेर लोखंडी झाकण आहे, त्यात वॉल्व्ह आहे," बाईंनी सांगितलं आणि हातभर लांब पाना त्याच्या हातात दिला. "वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नाही. बघ फिरतो का."

मग फ्रेमवाला वर नळापाशी थांबला आणि भिंग खाली रस्त्यावर ओणवा झाला. फोनवर बोलता आलं असतं, पण फ्रेमवाल्याचा फोन दुपारीच मान टाकतो.

"आलं का?" भिंग ओरडला.

"नाही!" वरून फ्रेमवाला.

"आता?"

"करंगळीएवढं!"

समोरचं दार करकरलं. जावयाच्या वरातीनंतर प्रथमच काका बाहेर आले. निळा डगला, पाना, उघडं झाकण यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"पाणी बंद करताय?"

"नाही हो काका, नुसतं बघतोय."

"नुसतं बघायला कोणी पाना आणतं का?"

"धार कमी आहे, म्हणून जरा..."

"अजून कमी करणार? किती दिवस?"

"मी कुठे कमी करतोय! मी वाढवतोय!"

"आजपर्यंत कोणी वाढवायला आलंय?" काका म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि इतक्या वर्षांचा साठलेला आवाज एकदम बाहेर काढला. "भरून घ्या हो! भरून घ्या! बंद होतंय!"

गल्लीतला एकूण एक नळ एका क्षणी सुटला. पाइपात होतं नव्हतं तेवढं पाणी घरोघरी वाटलं गेलं आणि वर फ्रेमवाल्याच्या हाताखाली शेवटचा थेंब पडला. त्याने इमानेइतबारे खिडकीतून डोकं काढलं.

"गेलं! पार गेलं!"

याहून पक्का पुरावा काय हवा! घराघरांतून बादल्या, पातेली, कळशा, एक चहाची किटली आणि बाळाला न्हाऊ घालायचा टब, बाळासकट, बाहेर आला. फाटकाजवळचा सार्वजनिक नळ उताराला होता, तेवढ्याला पाणी होतं. तिथे रांग लागली.

"अहो, माझा पाण्याशी काही संबंध नाही!" भिंग रांगेला सांगू लागला. "मी चष्म्याच्या दुकानात असतो! काचा घासतो!"

टबवाल्या मावशी संशयाने पुढे सरकल्या. "मग चष्म्याचा माणूस पाण्यात काय शोधतोय?"

"जंतू," मागून कोणीतरी म्हणालं.

झालं! अर्धी रांग भरलेलं पाणी ओतायला निघाली आणि उरलेली अर्धी त्यांच्या जागा धरायला पुढे आली. दोन्ही रांगा एकमेकींत अडकल्या आणि आता भांडल्याशिवाय किंवा बोलल्याशिवाय सुटका नव्हती. लोकांनी दोन्ही केलं. काकांनी खुर्ची आणली. मावशींनी त्यांना विचारलं, "तुम्ही परदेशी गेला होतात ना?" काका म्हणाले, "छे! मला वाटलं तुम्ही घर विकलंत!" गर्दी बघून बाजारातला आइस्क्रीमवाला गाडी घेऊन आत वळला. गाडीमुळे सामानाचा एक टेम्पो अडला. टेम्पोवाल्याने आधी शिव्या दिल्या, मग गाणी लावली. बाळ टाळ्या वाजवू लागलं. मांजर कुंपणावर चढून बसलं.

आणि भिंग? भिंग हरखून गेला होता! एका हातात पाना, दुसऱ्या हातात कोणीतरी दिलेलं आइस्क्रीम. साहेब खूश असले तर पाणी लवकर सोडतील, असा देणाऱ्याचा हिशेब होता. सिद्धांत डोळ्यांसमोर सिद्ध होत होता. हीच ती वस्ती! एवढ्या आनंदात खोलीचे कागद करायचे राहिलेत, ही बारीक गोष्ट भिंगच्या नजरेतून सुटली.

एक स्कूटर थांबली. वर तरुण जोडपं.

"दादा, इथे नेहमीच अशी गजबज असते का हो?" मुलीने विचारलं.

"नेहमी!" भिंगने छाती फुगवली. "माणसं तर एकेक अशी की घरी जाऊ देत नाहीत!"

"इथे एखादी जागा मिळेल भाड्याने?"

"आता कुठली! वरची ती खोली होती. काय हवा, काय उजेड! पण ती एका हुशार माणसाने घेतली."

"कागद झाले त्याचे?"

"व्हायचेत आत्ता."

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं, स्कूटर लावली आणि दोघं फाटकातून आत गेली. पाणी मागायला गेली असतील, असं भिंगला वाटलं. त्याने आइस्क्रीम सावकाश संपवलं.

तो वर पोचला तेव्हा फ्रेमवाला जिन्यात उभा राहून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता. बाई खिडकीपाशी होत्या. पडदा सारलेला.

"बाई, कागद करायचे ना?"

"मी गल्लीकडे बघून भाडं सांगते."

"हो, कालच सांगितलंत की!"

"काल मांजर होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवा आकडा सांगितला. त्यात भिंगचा सगळा पगार जात होता आणि फ्रेमवाल्याचाही थोडा.

"बाई, ही गर्दी खरी नाही! मी पाना फिरवला म्हणून झाली ती!"

"मग गुणी आहेस. मी जन्मभर शाळा चालवली, मला एवढी माणसं कधी रांगेत उभी करता आली नाहीत."

"पण तासाभरात सगळे घरी जातील! उद्या बघा, सामसूम!"

नेमका तेव्हाच खालून काकांचा आवाज आला. "उद्याही याच वेळी हां! खुर्च्या आपापल्या आणा!"

स्कूटरवाली मुलगी भिंतीतलं कपाट उघडून बघत होती. "आम्हाला चालेल हे भाडं," ती म्हणाली. घरात दोन पगार येत होते. शिवाय वस्तीबद्दल तिला एका माहीतगार माणसाने खात्री दिली होती.

घरी ताईने दार उघडलं. "मिळाली खोली?"

"मिळाली. दोघांना."

ताईने गॅलरीतली कपड्यांची टोपली बाजूला सरकवली आणि तिथे चटई टाकून पाहिली. पाय मशीनला टेकत होते.

रविवारी भिंग त्या गल्लीत परत गेला आणि फाटकाला एक कागद चिकटवून आला. संध्याकाळी खुर्च्या घेऊन जमलेल्या मंडळींनी तो मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचायचा आग्रह झाला, तेव्हा काका उभे राहिले.

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, गल्लीतील भाडे पूर्वपदावर आणण्याच्या दृष्टीने आपण सर्वांनी पुढील आदेशापर्यंत सायंकाळी घरातच थांबावे. परस्परांशी बोलू नये. आइस्क्रीम घरी नेऊन दार लावून खावे. अपरिहार्य कारणास्तव खिडकीत यावे लागल्यास चेहरा कंटाळलेला ठेवावा. सदर कार्यवाही सोमवारी सकाळी, माझ्या ताईच्या सासूबाई येण्यापूर्वी, पूर्ण व्हावी ही नम्र विनंती."